‘अंगावरून वारं गेलं’ : पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांविषयी

रानजाई

नमस्कार. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. त्या सकाळविषयी लिहायला मला चौदा महिने लागले.

आमचे गाव वाई तालुक्यात आहे. सकाळी साडेसहाच्या सुमारास चहा पिताना वडिलांच्या उजव्या हातातून कप निसटला. काय झाले म्हणून आईने विचारले, तेव्हा त्यांच्या तोंडून आले ते शब्द नव्हते, नुसते आवाज होते. शेजारच्या काकूंनी पाहताक्षणी सांगितले, ‘यांच्या अंगावरून वारं गेलं.’ त्यानंतर घरात जे जे झाले, ते सगळे त्यांच्या भल्याच्या इच्छेने झाले. आईने तिळाचे तेल कोमट करून हातापायांना चोळले. कोणी पारव्याचे रक्त लावण्याचा सल्ला दिला. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी रक्तदाब 190/110 असल्याचे पाहून तो उतरवण्यासाठी लगेच औषध दिले आणि ‘झोपू द्या, दुपारी बघू’ असे सांगितले. मी पुण्याहून फोनवर होते आणि मीसुद्धा ‘त्यांना झोपू द्या’ असेच म्हणाले.

साताऱ्याच्या रुग्णालयात आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. तिथल्या डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले, ‘ते पूर्णपणे ठीक असल्याचे शेवटचे कधी पाहिले?’ आईने साडेसहा सांगितले. डॉक्टर क्षणभर थांबले आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली आहे, असे म्हणाले. असे काही इंजेक्शन असते, हे आम्हा सर्व शिकलेल्या भावंडांना त्या क्षणी पहिल्यांदा कळले. आज वडील काठीच्या आधाराने चालतात, पण उजव्या हाताने त्यांना घास उचलता येत नाही आणि शब्द सापडत नाहीत.

तेव्हापासून ‘वारं गेलं’ हे दोन शब्द माझ्या मनातून जात नाहीत. ‘गेलं’ म्हटले की घडायचे ते घडून गेले, असे ऐकणाऱ्याच्या मनात ठसते, आणि मग लगेच पुढच्या शुश्रूषेचा, चोळण्याचा, पथ्याचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात साडेसहा वाजता काहीही ‘गेले’ नव्हते. ते सुरू झाले होते आणि दुपारपर्यंत सुरूच होते. ही समजूत माझी बरोबर आहे का? त्या सात तासांत मेंदूत नेमके काय होत असते, आणि घरच्यांनी काय करायला हवे असते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

कातळशिल्प

रानजाई, तुमची समजूत अगदी बरोबर आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिशियन म्हणून काम करतो आणि हेच मी नातेवाईकांना रोज सांगत असतो.

पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन आहेत. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पुढचा रक्तपुरवठा थांबतो, हा पहिला; सर्व रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक रुग्ण या प्रकारचे असतात. रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो, हा दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात. रक्तस्रावात डोके फार दुखणे, उलट्या होणे, शुद्ध हरपणे हे अधिक आढळते हे खरे, पण एवढ्यावरून घरी बसून, किंवा दवाखान्यात नाडी पाहूनही, निदान करता येत नाही. त्यासाठी डोक्याचा सीटी स्कॅनच लागतो. म्हणूनच जिथे सीटी स्कॅनची सोय नाही, तिथे रुग्णाला नेऊन ताटकळत ठेवणे म्हणजे वेळ गमावणे आहे.

गुठळीच्या प्रकारात काय घडते, ते पाटाच्या पाण्यावरून समजून घेता येईल. मुख्य पाटात दरड कोसळली, तर अगदी पुढचे वाफे लवकर जळतात. आजूबाजूच्या वाफ्यांना मात्र शेजारच्या पाटांतून झिरपणारे थोडे पाणी मिळत राहते. ते पीक मान टाकते, पण मेलेले नसते, आणि दरड वेळेत काढली तर पुन्हा उभे राहते. मेंदूतही गुठळीच्या अगदी पुढचा भाग काही मिनिटांत मरतो आणि त्याच्या भोवतीचा भाग लहान वाहिन्यांतून येणाऱ्या अपुऱ्या रक्तावर कसाबसा तग धरून राहतो. तो भाग काम करत नाही म्हणून हात उचलत नाही, पण तो अजून जिवंत असतो. सगळी धडपड त्याच्यासाठी असते. मोठी रक्तवाहिनी बंद झाली, तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब 2006 साली मांडला गेला. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तेलाचे चोळणे चालू होते तेव्हा हे मान टाकलेले वाफे एकामागून एक जळत होते.

आता औषधाविषयी. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग सिद्ध करणारा अमेरिकेतील अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला; तेव्हा मर्यादा तीन तासांची होती. 2008 साली युरोपातील अभ्यासानंतर ती साडेचार तासांपर्यंत वाढली. यात अल्टेप्लेज हे औषध तासभर शिरेतून द्यावे लागते, तर टेनेक्टेप्लेज एकाच वेळी टोचता येते. मोठ्या वाहिनीतील गुठळी जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून बाहेर काढण्याची प्रक्रियाही आहे. 2015 साली तिचा लाभ निर्विवाद ठरला आणि 2018 पासून निवडक रुग्णांत ती 24 तासांपर्यंत करता येते. पण ‘निवडक’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. साडेचार तास मिळतात म्हणजे चार तास थांबायला हरकत नाही, असे नाही. पहिल्या तासात दिलेले औषध चौथ्या तासात दिलेल्या औषधापेक्षा पुष्कळ अधिक काम करते.

जाता जाता रक्तदाबाविषयी सांगितले पाहिजे, कारण ही चूक आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांकडूनही होते. पक्षाघातात रक्तदाब वाढलेला असतो, आणि पुष्कळदा तो शेजारच्या पाटांतून पाणी रेटण्यासाठीच शरीराने वाढवलेला असतो. तो घाईने उतरवला की झिरपणेही बंद होते. इंजेक्शन द्यायचे असेल तर तो 185/110 च्या खाली आणावा लागतो, पण ते रुग्णालयात, देखरेखीखाली आणि हळूहळू. रक्तस्राव असेल तर हिशेब वेगळा असतो. घरी यातले काहीही करू नये.

भीमाकाठ

उत्तम माहिती. एक शंका आहे. छातीत दुखू लागले की ॲस्पिरिनची गोळी चावून खायला सांगतात. पक्षाघातालाही आता ‘ब्रेन अटॅक’ म्हणतात आणि बहुतेक वेळा कारण गुठळीच असते, मग रुग्णालय दोन तासांवर असेल तर ॲस्पिरिन देऊन निघणे योग्य नव्हे का? आमच्या घरात ती गोळी कायम ठेवलेली असते आणि माझ्या काकांना ती दिली गेली होती.

कातळशिल्प

भीमाकाठ, देऊ नये. कारणे दोन आहेत. एक म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे हा रक्तस्राव नाही याची खात्री स्कॅनशिवाय होत नाही आणि रक्तस्रावात ॲस्पिरिन घातक ठरू शकते. दुसरे कारण लोकांच्या लक्षात येत नाही. पक्षाघातात गिळण्याची क्रिया अनेकदा बिघडलेली असते, आणि ते रुग्णाला स्वतःलाही कळत नाही. गोळी, पाणी, चहा, मध, काढा, काहीही तोंडातून दिले तर ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. रुग्णालयातही आधी गिळण्याची तपासणी करतात आणि मगच घोटभर पाणी देतात. ‘घसा कोरडा पडला असेल, दोन चमचे पाणी द्या’ हे आपल्या घरांत अत्यंत मायेने म्हटले जाते. ते टाळावे.

मधुमेही रुग्णाच्या बाबतीत घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर मात्र जरूर पाहावी, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात. ते मोजण्यासाठी निघणे थांबवू नये; गाडी येईपर्यंत पाहून घ्यावे. रुग्ण ग्लानीत असेल किंवा उलटी करत असेल तर त्याला कुशीवर वळवून ठेवावे.

थेम्सकाठी

मी लंडनमध्ये राहतो आणि माझी आई नाशिकला एकटी असते. दोन वर्षांपूर्वी रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलत असताना तिच्या ओठांची डावी कड खाली ओघळलेली मला दिसली. इंग्लंडमध्ये 2009 पासून चेहरा, हात, बोलणे आणि वेळ या चार गोष्टींच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर दाखवत आले आहेत, त्यामुळे मला ते ओळखता आले. मी तिला हसायला सांगितले. हसू एकाच बाजूला उमटले. दोन्ही हात समोर धरायला सांगितले. डावा हात हळूहळू खाली गेला.

धक्कादायक बाब ही की, ती स्वतः शांत होती. ‘मला काही झालेले नाही, तू उगाच घाबरतोस’ असे ती स्पष्ट मराठीत सांगत होती. पुढे डॉक्टरांनी समजावले की मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला इजा झाली की कित्येकदा रुग्णाला आपली डावी बाजू लुळी पडल्याचे भानच राहत नाही. तो हट्टीपणा नसतो किंवा धीराचा स्वभावही नसतो, ते आजाराचेच लक्षण असते. म्हणून रुग्ण ‘मी ठीक आहे’ म्हणतो यावर विसंबू नये, हे मला आवर्जून सांगायचे आहे.

मी आईचा कॉल तसाच चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून शेजारच्या मावशींना उठवले, त्यांनी 108 ला फोन केला. पुढचा पेच वेळेचा होता. तिला हे नेमके केव्हा सुरू झाले? लक्षण दिसले ती वेळ धरत नाहीत, ती शेवटची ठीक असल्याचे कळते ती वेळ धरतात. मावशींनी दारातून दूध आत घेतलेले पाहिले. गॅसवरचे भांडे अजून कोमट होते. आईच्या मोबाईलवरून साडेसात वाजता बहिणीला फोन गेला होता आणि त्या फोनवर ती व्यवस्थित बोलली होती. एवढ्यावरून डॉक्टरांना वेळ ठरवता आली आणि तिला इंजेक्शन मिळाले. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत अशा लहान खुणा शोधून ठेवाव्यात. ज्याने रुग्णाला शेवटचे ठीक पाहिले, त्याला रुग्णवाहिकेतून सोबत पाठवावे, किंवा निदान त्याचा फोन नंबर द्यावा.

झोपेतून उठल्यावरच लक्षणे दिसली, तर झोपण्याची वेळ धरतात. पण तेवढ्यावरून ‘आता उशीर झाला’ असा निष्कर्ष घरच्यांनी काढू नये. एमआरआयसारख्या तपासण्यांवरून अशा काही रुग्णांवरही उपचार करता येतात.

वैनगंगा

लंडन आणि नाशिकचे वाचले. मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्याचे काम करतो, म्हणून थोडे वेगळे लिहितो. ‘सर्च’ संस्थेने आमच्या जिल्ह्यातील 86 गावांत दोन वर्षे प्रत्येक मृत्यूचे कारण तपासले होते. तो अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले, दर सात मृत्यूंमागे साधारण एक. पक्षाघाताने गेलेल्या दहा जणांपैकी जवळजवळ नऊ जण घरीच गेले. पक्षाघात हा शहरातल्या सुखवस्तूंचा रोग आहे, असे मानणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी पोहोचणे आमच्या अनेक गावांतून पावसाळ्यात अशक्य असते. मग ‘लवकर न्या’ हा उपदेश कोणाला करायचा? यावर एक उत्तर हिमाचल प्रदेशाने दिले आहे. तिथे 2014 पासून जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टर स्कॅनची छायाचित्रे स्मार्टफोनवरून मेंदूविकारतज्ज्ञांना पाठवतात आणि त्यांच्या सल्ल्याने तिथेच इंजेक्शन देतात. तज्ज्ञ प्रत्येक जिल्ह्यात नेमता येणार नाही, पण त्याचा सल्ला पोहोचवता येतो. डोंगराळ राज्याला हे जमले असेल तर आपल्या दुर्गम तालुक्यांसाठीही ते मागायला हवे.

वेळ टळली असली तरी रुग्णालयात नेण्यात अर्थ असतो, हेही सांगतो. पक्षाघाताच्या स्वतंत्र कक्षात देखरेख झाली, गिळण्याकडे, तापाकडे, साखरेकडे लक्ष दिले गेले, तर इंजेक्शन न मिळालेल्या रुग्णांचेही मृत्यू आणि अपंगत्व कमी होते. आणि आमच्यासारख्या ठिकाणी सर्वांत अधिक जीव रक्तदाबाच्या रोजच्या गोळीने वाचतील. रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येणारे कारण आहे. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडलेली माणसे मला दर गावात भेटतात.

देवराई

आमच्या घरी रुग्ण वेळेत पोहोचला, तरीही वेळ गेला. तो कसा गेला ते लिहिते. सासऱ्यांना घेऊन आम्ही पन्नास मिनिटांत रुग्णालयात होतो. स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी इंजेक्शनसाठी संमती मागितली आणि त्यात मेंदूत रक्तस्रावाचा धोका आहे, असे सांगितले. माझे पती म्हणाले, ‘दादाला विचारून सांगतो.’ दादांनी मोठ्या काकांना विचारायला सांगितले, काकांनी ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन लावला, ते शस्त्रक्रियेत होते. असा पाऊण तास गेला. प्रत्येक जण आपल्या माणसाला जपत होता आणि त्या जपण्यातच वेळ गेला.

नंतर मी आकडे समजून घेतले. 1995 च्या त्या अभ्यासात औषध दिलेल्या शंभरांपैकी सुमारे सहा जणांना लक्षणे दिसण्याइतका रक्तस्राव झाला. त्याच वेळी, तीन महिन्यांनी अपंगत्व अजिबात न उरण्याची किंवा नाममात्रच उरण्याची शक्यता औषध घेतलेल्यांत निदान 30 टक्क्यांनी अधिक होती. धोका खरा आहे, आणि म्हणूनच डॉक्टर अलीकडची शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधे, डोक्याला मार यांची चौकशी करतात. पण निर्णय कोण घेणार हे घरात आधीच ठरलेले असले, तर तो पाच मिनिटांत घेता येतो. आता आमच्या घरात ते ठरले आहे. औषधांच्या चिठ्ठ्यांची एक पिशवी दाराजवळ असते. खर्चासाठी थबकू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात, त्यांना विचारण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे आणि उपचार चालू राहू द्यावेत.

सांजवात

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. रानजाईंच्या वडिलांना शब्द सापडत नाहीत, असे वाचले, म्हणून त्याविषयी लिहिते.

बहुतेक लोकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते आणि शरीराची उजवी बाजूही तोच भाग चालवतो. म्हणून उजवा हात आणि वाणी पुष्कळदा एकदम जातात. अशा रुग्णाची बुद्धी गेलेली नसते. त्याला नातवाचे नाव ठाऊक असते, ते ओठांवर येत नाही. काहींच्या तोंडून भलतेच शब्द येतात, आणि पहिल्या तासांत ते ऐकून घरच्यांना हा भ्रम आहे किंवा माणूस प्यायलेला आहे असे वाटते. लकवा म्हणजे हातपाय लुळे पडणे, एवढेच आपण धरून चालतो. अचानक असंबद्ध बोलणे, एका बाजूचे दिसेनासे होणे, चालताना एकाएकी तोल जाणे, हेही पक्षाघातच असू शकतात.

घरी बोलताना एका वेळी एकच लहान प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी मनात दहा मोजेपर्यंत थांबावे. त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये. ज्यांना ‘पाणी’ म्हणता येत नाही, असे कित्येक आजोबा बे एके बे चा पाढा किंवा रोजची आरती न अडखळता म्हणतात. घरच्यांना हे पाहून रुग्ण मुद्दाम बोलत नाही असे वाटते. तसे नसते, पाठ झालेले बोलणे मेंदूत वेगळ्या वाटेने येते, आणि आम्ही उपचारात त्याच वाटेचा उपयोग करून घेतो.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण चौदा महिन्यांनंतर ती थांबलीच असे मानू नका. भाषा वर्षांनंतरही सुधारताना मी पाहिली आहे. अंथरुणावर असलेल्या रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो आणि ते दुखणे पुढे व्यायामच करू देत नाही. पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येते. ‘ते हल्ली प्रयत्नच करत नाहीत’ अशी तक्रार ऐकली की मी आधी त्याची चौकशी करते.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. सांजवात, वडिलांना पाढे येतात! काल रात्री मी बसून पाहिले, बाराच्या पाढ्यापर्यंत ते माझ्यासोबत आले आणि आईला रडू आवरेना.

एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती. त्या सकाळच्या चार दिवस आधी शेतातून आल्यावर त्यांचा उजवा हात दहा मिनिटे बधिर झाला होता आणि जीभ जड झाली होती. मग सगळे पूर्ववत झाले. उन्हाने झाले असेल, म्हणून आम्ही सोडून दिले. त्याचा याच्याशी संबंध होता का?

कातळशिल्प

होय, बहुधा तो पक्षाघाताचा पूर्वझटका होता. गुठळी अडकते आणि आपोआप सुटते, म्हणून लक्षणे जातात. पण ती जिथून आली ते ठिकाण तसेच राहते. अशा झटक्यानंतर तीन महिन्यांत मोठा पक्षाघात होण्याचा धोका असतो आणि त्यातले जवळपास निम्मे पक्षाघात पहिल्या दोन दिवसांतच होतात. लक्षणे गेली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जायचे ते यासाठी. यात तुमचा दोष नाही. हे कोणी तुम्हाला सांगितलेच नव्हते.

मला आता वेगळीच काळजी आहे. दुसरा पक्षाघात टाळण्यासाठी गुठळी कुठून आली हे माहीत असणे आवश्यक आहे. मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली आहे का? हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो आणि त्यासाठी रक्त पातळ करणारी वेगळी औषधे लागतात. ॲस्पिरिन पुरत नाही. ही अनियमितता येते-जाते, त्यामुळे एकदा काढलेल्या ईसीजीत सापडतेच असे नाही. हृदयाचे ठोके 24 तास सलग नोंदवणारी होल्टर तपासणी झाली होती का, ते कागदपत्रांत पाहाल का?

रानजाई

फाईल आत्ताच उघडून पाहिली. मानेची सोनोग्राफी आहे, त्यात विशेष काही नाही असे लिहिले आहे. ईसीजी एकच आहे, भरती केले त्या दिवशीचा. होल्टर झालेली नाही. सोमवारी त्यांना साताऱ्याला घेऊन जाते आणि अहवाल मिळाला की इथेच लिहिते.